आधी पैसा, मग गाडी : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रेल्वे आणि आधुनिक कंपनी

किराणा दुकान थाटणारा माणूस पहिल्या महिन्यात बेताचा माल भरतो, तो खपला की आलेल्या पैशातून पुढचा माल आणतो, आणि दुकान स्वतःच्याच कमाईवर हळूहळू वाढत जाते. रेल्वेला ही सोय नाही. नदीवरचा पूल तीन-चतुर्थांश बांधून झाला म्हणून तीन-चतुर्थांश उत्पन्न सुरू होत नाही; जमीन, भराव, पूल, बोगदे, रूळ, इंजिने आणि स्थानके यांवर प्रचंड रक्कम आधी ओतावी लागते आणि त्यानंतर कुठे पहिल्या तिकिटाचे पैसे हाती येतात. शिवाय मार्ग उभा राहिल्यावर त्यावरून दिवसाला एक गाडी धावो की वीस, कर्जाचे व्याज, पुलांची डागडुजी आणि स्थानकांवरील नोकरांचे पगार जवळजवळ तेवढेच राहतात.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मोठे उद्योग, शेअर बाजार, व्यवस्थापनाची शिस्त आणि उद्योगांवरील सरकारी नियंत्रण हे सगळे कसे घडले, हे समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते ही एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. व्हँडरबिल्ट, रॉकफेलर, मॉर्गन या धनाढ्यांचे किस्से पुष्कळ सांगितले जातात, परंतु त्यांच्या हुशारीपेक्षा किंवा हावरेपणापेक्षा खर्चाच्या या विचित्र रचनेनेच त्या शतकाला अधिक वळण दिले.

हा प्रश्न रेल्वेच्याही आधी कालव्यांनी उभा केला होता. न्यू यॉर्क बंदरातून हडसन नदीने ऑल्बनीपर्यंत जहाजे जात. तिथून पश्चिमेला ईरी सरोवरापर्यंत मात्र घोडागाड्यांचे खराब रस्ते होते, आणि सरोवराकाठच्या बफेलोहून न्यू यॉर्कपर्यंत एक टन माल आणायला सुमारे 100 डॉलर लागत. एवढ्या भाड्यात गव्हाची किंमतच बुडून जाई, म्हणून पश्चिमेकडील शेतकरी गहू पूर्वेला पाठवण्याच्या भानगडीत पडत नसत. 363 मैलांचा कालवा खणण्याची कल्पना पुढे आली तेव्हा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी ती जवळजवळ वेडेपणात काढली, आणि केंद्र सरकारकडून पैसा मिळाला नाही. अखेर गव्हर्नर डेविट क्लिंटन यांच्या पुढाकाराने न्यू यॉर्क राज्याने स्वतः कर्जरोखे काढले आणि 4 जुलै 1817 रोजी काम सुरू केले. चाळीस फूट रुंद, अवघा चार फूट खोल, आणि काठाने चालणाऱ्या खेचरांनी दोरखंडाने होड्या ओढायच्या, असा हा साधा कालवा होता. मात्र वाटेत पाण्याची पातळी वर-खाली करून होड्या चढवणारे 83 बंदिस्त कप्पे बांधावे लागले. ऑक्टोबर 1825 मध्ये तो पूर्ण झाला, तेव्हा तारायंत्र नसल्यामुळे बफेलोपासून न्यू यॉर्कपर्यंत ठरावीक अंतरांवर तोफा मांडल्या होत्या आणि एकीचा आवाज ऐकून दुसरी डागत ही बातमी सुमारे दीड तासात समुद्रापर्यंत पोहोचवली गेली. कालव्याला सुमारे 70 लाख डॉलर खर्च आला. माल नेण्याचे भाडे टनामागे 10 डॉलरच्या खाली उतरले आणि टोलच्या उत्पन्नातून राज्याचे कर्ज फिटले.

हे यश पाहून इतर राज्येही कर्ज काढून कालवे आणि रेल्वे बांधू लागली, आणि तिथेच घोटाळा झाला. प्रत्येक ठिकाणी न्यू यॉर्कसारखे बंदर आणि ईरीसारखे सरोवर नव्हते. 1837 च्या आर्थिक संकटानंतर उत्पन्न आटले, आणि 1841-42 च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉयसह आठ राज्यांना व्याजाचे हप्ते थकवावे लागले. होरपळलेल्या मतदारांनी पुढे अनेक राज्यांच्या घटनांमध्ये अशी कर्जे काढण्यावर बंधने घातली. इंडियानाने तर 1851 च्या नव्या घटनेत राज्याला कर्ज काढण्याची वाट जवळपास बंदच केली. अमेरिकेतील रेल्वे खासगी कंपन्यांच्या हाती गेली याचे श्रेय बहुतेकदा तिथल्या लोकांच्या उद्यमशील वृत्तीला दिले जाते. त्यात तथ्य आहेच, तरीही सरकारांनी हात पोळून घेतले होते हे कारण मला अधिक वजनदार वाटते.

राज्य बाजूला झाले, पण मार्ग बांधायचा तर रक्कम तेवढीच लागणार होती. ती उभी करण्याचे साधन म्हणजे भागभांडवलाची कंपनी. पूर्वी भागीदारीत धंदा करणाऱ्या माणसाची घरदारासकट सगळी मालमत्ता कर्जाला बांधलेली असे आणि एक भागीदार मरण पावला की भागीदारी मोडे. कंपनीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व मिळाले, भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरते मर्यादित झाले, आणि त्याला आपला हिस्सा बाजारात विकून केव्हाही मोकळे होता येऊ लागले. शतकाच्या सुरुवातीला अशा प्रत्येक कंपनीसाठी विधिमंडळाकडून वेगळी सनद घ्यावी लागे; शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक राज्यांनी सर्वांसाठी एकच सामान्य कायदा केला आणि कंपनी काढणे अर्ज भरण्याइतके सोपे झाले. बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि विशेषतः लंडन येथील ठेवीदारांचे पैसे शेअर आणि रोख्यांच्या रूपाने न्यू यॉर्कच्या बाजारातून रुळांकडे वळले. 1840 मध्ये देशात सुमारे 2,800 मैल लोहमार्ग होता, तो 1860 पर्यंत सुमारे 30,000 मैलांवर गेला.

आपल्याकडे याच काळात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला, हे तुलनेसाठी सांगण्यासारखे आहे. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई–ठाणे गाडी सुरू करणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या इंग्लंडमधील भागधारकांना सरकारने 5 टक्के परताव्याची हमी दिली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट भारताच्या महसुलातून भरून निघणार होती, त्यामुळे काटकसर करण्याची कुणाला फारशी निकड नव्हती. अमेरिकेत अशी सरसकट हमी नव्हती, पण सरकार सगळीकडे हात आखडूनही बसले नव्हते, आणि पश्चिमेच्या ओसाड टापूत ते ठळकपणे दिसते.

पूर्वेकडे दोन गजबजलेल्या शहरांना जोडणारा मार्ग होता. मिसूरी नदीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या पट्ट्यात गाडीला ना प्रवासी मिळणार होते, ना माल. 1 जुलै 1862 रोजी, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. युनियन पॅसिफिक कंपनीने पूर्वेकडून आणि सेंट्रल पॅसिफिकने पश्चिमेकडून मार्ग बांधायचा होता. बांधलेल्या प्रत्येक मैलामागे त्यांना मार्गालगतची सरकारी जमीन मिळे, आणि शिवाय सपाट प्रदेशात 16,000, पर्वतांमधल्या पठारावर 32,000 आणि डोंगरात 48,000 डॉलरचे सरकारी रोखे कर्जाऊ मिळत. आता डोंगर नेमका कुठे सुरू होतो, हा भूगोलाचा प्रश्न मैलामागे 32,000 डॉलरचा झाला. कॅलिफोर्नियाच्या राज्य भूवैज्ञानिकाने सिएरा नेवाडाचा पायथा सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, आर्केड क्रीक नावाच्या ओढ्यापाशी येतो असे मत दिले आणि वॉशिंग्टनने ते मान्य केले. त्या ओढ्याकाठी उभे राहिले तर आजूबाजूला सपाट मैदान दिसते. खरी चढण बरीच पुढे लागते.

पैसा काढण्याची दुसरी वाट याहून आडवळणाची होती. युनियन पॅसिफिकच्या आतल्या मंडळींनी क्रेडी मोबिलिए नावाची बांधकाम कंपनी ताब्यात घेतली आणि आपल्याच रेल्वेचे कंत्राट तिला फुगवलेल्या दराने दिले. रेल्वेला नफा होईल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हते. बांधकामातला नफा मात्र रोख आणि खात्रीचा होता. भागधारकांचा आणि सरकारी मदतीचा पैसा अशा रीतीने एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, आणि कुणी चौकशी करू नये म्हणून संसद सदस्य ओक्स एम्स यांनी या कंपनीचे शेअर आपल्या सहकाऱ्यांना स्वस्तात वाटले. 1872 मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रात फुटले आणि पुढच्या वर्षी एम्स यांच्यावर सभागृहाने ठपका ठेवला.

मार्ग तर 10 मे 1869 रोजी युटाहमधील प्रोमोन्टरी येथे जुळलाच, आणि तारायंत्रावरून सर्व देशाला ‘पूर्ण’ एवढा एकच शब्द गेला. सिएराचा कठीण ग्रॅनाइट छिन्नी-हातोड्याने आणि सुरुंगाने फोडणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. गोऱ्या मजुरांना मजुरीशिवाय जेवण-राहणे मिळे, चिन्यांना ते स्वतःच्या कमाईतून भागवावे लागे. जून 1867 मध्ये त्यांनी अधिक पगार आणि कमी तास मागत हजारोंच्या संख्येने शांतपणे काम थांबवले, तेव्हा कंपनीने डोंगरात जाणारे अन्नधान्यच अडवले आणि आठवड्याभरात संप मोडला. मैलामागे वाटलेली जमीनही रिकामी नव्हती. तिथे शाईयान, लाकोटा, पॉनी आणि इतर जमाती राहत होत्या आणि शिकार करत होत्या. केंद्र सरकारने शतकभरात रेल्वेंना दिलेल्या सुमारे 13 कोटी एकरांचा हिशेब करताना ही बाजू वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पैसा उभा करण्याइतकाच कठीण प्रश्न मार्ग चालवण्याचा होता. कापडाच्या गिरणीचा मालक सज्जातून खाली पाहिले की सगळे कामगार पाहू शकत असे. दीडशे मैलांच्या रेल्वेचा मालक काय पाहणार? 5 ऑक्टोबर 1841 रोजी मॅसॅच्युसेट्समधील वेस्टर्न रेल्वेवर वेस्टफील्ड गावाजवळ दोन प्रवासी गाड्या समोरासमोर आदळल्या. मार्ग एकेरी होता आणि गाड्यांनी ठरलेल्या जागी थांबून एकमेकींना वाट द्यायची होती. त्या अपघातात दोन माणसे मेली. पुढच्या काळातील अपघातांच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण त्यानंतर कंपनीने मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येक विभागावर जबाबदार अधिकारी नेमला, आणि वेळापत्रक बदलण्याचा अधिकार कुणाला व हुकूम कुणी कुणाकडून घ्यायचा हे कागदावर लिहून काढले. कंपनीतील अधिकारांची उतरंड म्हणून आज आपण जे ओळखतो, त्याची ही एक अगदी सुरुवातीची पायरी.

याच वाटेवर पुढे डॅनियल मॅकॅलम भेटतो. 1850 च्या दशकात तो ईरी रेल्वेचा सर्वाधिकारी अधीक्षक होता. त्याच्यापुढचे कोडे असे होते, की लांब मार्गाला मैलामागे खर्च कमी यायला हवा, पण प्रत्यक्षात तो जास्त येत होता. पन्नास मैलांच्या मार्गावरील अधीक्षक प्रत्येक नोकराला नावाने ओळखतो आणि स्वतः फिरून देखरेख करतो. पाचशे मैलांच्या मार्गावर हे अशक्य होते, आणि त्याच्या जागी काही व्यवस्था नसल्यामुळे इंजिने भलत्याच स्थानकावर उभी राहत आणि वाघिणी हरवत, असे त्याचे निदान होते. त्याने तारायंत्राचा उपयोग गाड्यांच्या सुरक्षेपुरता न ठेवता माहिती गोळा करण्यासाठी केला. कोणती गाडी कुठे आहे, तिला उशीर का झाला, किती वाघिणी भरलेल्या आणि किती रिकाम्या, याची वर्दी तासातासाला, दिवसाला आणि महिन्याला वर येऊ लागली.

1855 मध्ये त्याने कंपनीच्या रचनेचा एक तक्ता काढवून घेतला, आणि तो पाहताना मला दर वेळी नवल वाटते. त्यात अध्यक्ष आणि संचालक मंडळ वरच्या टोकाला बसलेले नाहीत, ते खाली, झाडाच्या मुळाशी आहेत. तिथून मार्गांच्या फांद्या वळणे घेत वर निघतात, फांद्यांवर स्थानके आहेत, आणि स्थानकांवर पानांसारखे नोकर: तिकीट देणारे, सांधेवाले, इंजिन-चालक, सुतार. रोजचे निर्णय फांदीवरच घ्यायचे, कारण माहिती तिथेच असते, ही त्यामागची समज होती. पगारी व्यवस्थापक नावाचा वर्ग इथे घडला. हे लोक कंपनीचे मालक नव्हते, आणि ज्यांच्याकडे मालकी होती त्यांना गाडी कशी चालते हे ठाऊक असण्याची गरज उरली नव्हती. पेन्सिल्व्हेनिया रेल्वेत तारमास्तर म्हणून लागलेला अँड्रू कार्नेगी याच शाळेत शिकला, आणि प्रत्येक कामाचा खर्च बारकाईने मोजण्याची रेल्वेची सवय त्याने पुढे पोलादाच्या कारखान्यात नेली.

रेल्वेने व्यापाराचे स्वरूप कसे बदलले, हे पाहायला शिकागोइतकी चांगली जागा नाही. 1840 च्या दशकात शेतकरी गहू पोत्यात भरून होडीने पाठवी. पोते त्याचेच राही. गिऱ्हाईक पोते उघडून मूठभर दाणे तळहातावर घेई आणि भाव ठरे. रेल्वेला हे परवडणारे नव्हते, कारण उभ्या राहिलेल्या वाघिणीवरही व्याज चढतच असते. म्हणून रुळांच्या कडेला उंच कोठारे उभी राहिली, ज्यांत वाफेच्या इंजिनावर फिरणारा बादल्यांचा पट्टा वाघिणीतले धान्य उपसून वर नेई आणि मोठमोठ्या कप्प्यांत ओतून देई. पण कप्पे मोठे, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा गहू वेगळा ठेवायला जागा नाही. तेव्हा शिकागोच्या व्यापारी मंडळाने 1850 च्या दशकात गव्हाच्या प्रती ठरवल्या. एकाच प्रतीचा सगळ्यांचा गहू एकत्र मिसळायचा, आणि शेतकऱ्याला त्याच्या गव्हाऐवजी त्याच प्रतीच्या तेवढ्याच गव्हाची पावती द्यायची, असा नियम झाला.

या पावतीने मोठी उलथापालथ केली. गहू हलत नव्हता, पावती हातोहात फिरत होती. तिच्यावर बँक कर्ज देऊ लागली. आणि प्रत ठरलेली असल्यामुळे अजून शेतात उभा असलेला, पुढच्या महिन्यात येणारा गहूही आज विकता येऊ लागला. मंडळाने 1865 मध्ये अशा व्यवहारांचे नियम बांधले आणि वायदे बाजार रीतसर सुरू झाला. आपल्या बाजारपेठेत सोयाबीनच्या किंवा कापसाच्या वायद्यांबद्दल आज जी चर्चा होते, तिच्यामागची कल्पना या धान्यकोठारांच्या सावलीत पक्की झाली. शेतकऱ्याला मात्र आपल्या गव्हाला पहिली प्रत लागली की दुसरी, हे कोठारवाल्याच्या शब्दावर मानून घ्यावे लागे, आणि रोष तिथूनच साचू लागला.

वाघीण रिकामी उभी राहता कामा नये, या एकाच दडपणाने देशाचे घड्याळ आणि रुळांमधले अंतर दोन्ही बदलले. प्रत्येक गाव सूर्य माथ्यावर आला की बारा वाजले असे मानत असे. 18 नोव्हेंबर 1883 रोजी रेल्वे कंपन्यांनी सरकारी कायद्याची वाट न पाहता प्रमाणवेळेचे पट्टे लागू केले. रुळांचे काम अधिक अवघड होते. दक्षिणेतील बहुतेक मार्ग 5 फुटी होते आणि उत्तरेतील सुमारे 4 फूट साडेआठ इंची. मिरजेला एका गेजच्या वाघिणीतून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत माल चढवणारे हमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातला वेळ आणि नासाडी वेगळी सांगायला नको. दक्षिणेतील कंपन्यांनी आधी काही महिने आतल्या बाजूला नवे खिळे अर्धवट ठोकून ठेवले, जुने जमतील तेवढे उपटले, आणि मग 31 मे व 1 जून 1886 या दोन दिवसांत हजारो मजुरांनी एकेक रूळ तीन इंच आत सरकवला. दोन दिवसांत 11,000 मैलांहून अधिक मार्ग बदलला गेला.

आता मूळ मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. समजा, एका कंपनीचा वर्षाचा खर्च 100 डॉलर आहे आणि त्यातले 65 डॉलर गाडी न हलवताही द्यावेच लागतात. म्हणजे प्रत्यक्ष माल नेण्याचा खर्च 35 डॉलर. स्पर्धक कंपनीने भाडे 100 वरून 60 वर आणले तर ही कंपनी काय करील? 60 डॉलरमध्ये पूर्ण खर्च निघत नाही, पण माल नाकारला तर 65 डॉलरचा तोटा ठरलेलाच. घेतला तर 35 वजा जाऊन 25 डॉलर हाती लागतात आणि तोटा 40 वर येतो. म्हणून तीही 60 घेते, किंवा 50 घेते. दुकानदार तोट्यात गेला की दुकान बंद करतो आणि बाजारातली एक स्पर्धा कमी होते. रेल्वे दिवाळखोरीत गेली तरी रूळ उचलून नेता येत नाहीत. न्यायालयाने नेमलेला अधिकारी गाड्या चालू ठेवतो, आणि कर्जाचे ओझे उतरल्यामुळे ती पूर्वीपेक्षाही स्वस्त दराने माल नेऊ लागते. स्पर्धेने भाव योग्य पातळीवर येऊन ठरतो हा नेहमीचा नियम इथे लागू पडत नव्हता, हे त्या काळातील फार थोड्या लोकांना नीट उमगले होते.

1870 च्या दशकात न्यू यॉर्क ते शिकागो या पट्ट्यात अशी दरयुद्धे वारंवार पेटली. तिथे सोसलेला तोटा भरून कुठून काढायचा? जिथे दुसरी रेल्वे नाही तिथून. इलिनॉयमधील पिओरिया शहराला अनेक रेल्वे होत्या आणि नदीही होती. तिथून न्यू यॉर्कला शंभर पौंड माल 15 सेंटमध्ये जाई. त्याच मार्गावर, पिओरियापेक्षा न्यू यॉर्कला 86 मैल जवळ असलेल्या गिलमन गावच्या व्यापाऱ्याकडून 25 सेंट घेतले जात. जवळच्या माणसाने जास्त द्यायचे! रेल्वेच्या हिशेबवहीतून पाहिले तर याला कारण होते. गिलमनच्या माणसाच्या दृष्टीने मात्र हा उघड अन्याय होता, आणि मला त्याचे म्हणणे पूर्ण पटते, कारण रेल्वे आली तेव्हा तिच्यासाठी जमीन देणाऱ्यांत आणि रोखे घेणाऱ्यांत अशी लहान गावेही होती.

मोठ्या गिऱ्हाइकांचा अनुभव उलटा होता. जॉन रॉकफेलर यांच्या क्लीव्हलँडमधील तेलकंपनीने रेल्वेला रोज 60 वाघिणी भरून माल देण्याचे कबूल केले आणि भाड्यात गुप्त सूट मिळवली. रोज ठरलेल्या वेळी पूर्ण भरलेली गाडी मिळणे रेल्वेच्या फायद्याचेच होते. परंतु 1872 मधील साउथ इंप्रूव्हमेंट कंपनीच्या योजनेत मजल याच्या पलीकडे गेली. सभासदांना स्वतःच्या तेलावर सूट तर मिळणार होतीच, पण बाहेरच्या स्पर्धकांनी भरलेल्या भाड्याचा काही भागही त्यांच्याच पदरात पडणार होता. तेलविहिरींच्या मुलखात एवढा संताप उसळला की योजना काही आठवड्यांत गुंडाळावी लागली. तोवर रॉकफेलर यांनी क्लीव्हलँडमधील बहुतेक सगळे प्रतिस्पर्धी कारखाने विकत घेतले होते.

दरयुद्धे थांबवण्यासाठी कंपन्यांनी आपापसात संगनमत करून माल आणि उत्पन्न वाटून घेण्याचे करार केले. खर्चाचे शास्त्र ज्याला त्या काळी सर्वांत चांगले कळत होते तो अल्बर्ट फिंक अशा मंडळांचा प्रमुख होता. पण हे करार न्यायालयात लागू करता येत नसत, आणि संकट आले की एखादी कंपनी गुपचूप सूट देऊन करार मोडी. दुसऱ्या बाजूने शेतकरी ग्रेंज नावाच्या संघटनेत एकत्र आले आणि इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांत त्यांनी रेल्वेच्या भाड्यांवर आणि कोठारांच्या दरांवर मर्यादा घालणारे कायदे करून घेतले. शिकागोच्या कोठारवाल्यांनी हा खासगी मालमत्तेवरील घाला आहे असे म्हणत दाद मागितली. 1877 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ज्या मालमत्तेशी जनतेचे हित बांधले गेले आहे तिचे नियमन सरकार करू शकते. 1886 मध्ये गिलमनचे प्रकरण न्यायालयात पोहोचले, तेव्हा मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाचे भाडे राज्यांना ठरवता येणार नाही असे ठरले. आता केंद्रालाच कायदा करणे भाग पडले, आणि 4 फेब्रुवारी 1887 च्या कायद्याने आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला. जवळच्या अंतराला लांबच्यापेक्षा जास्त भाडे, गुप्त सूट आणि संगनमताचे करार या तिन्हींवर बंदी आली. आयोगाला सुरुवातीला फार दात नव्हते आणि न्यायालयांनी त्याचे निर्णय पुष्कळदा फिरवले. शिवाय स्वतंत्र राहून करार करणे बेकायदा ठरल्यावर कंपन्यांना एकमेकींत विलीन होणे हाच मार्ग उरला. संगनमत रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने विलीनीकरणाला असा हातभार लागला.

न टळणाऱ्या व्याजाचा भार शेवटी कुणावर पडला, हे दोन मंद्यांमध्ये दिसले. सप्टेंबर 1873 मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या रोख्यांत अडकलेली जे कुक यांची पेढी बुडाली आणि न्यू यॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला. मंदी लांबली. रोखेधारकाचे व्याज कापता येत नाही, पुलाची डागडुजी फार काळ टाळता येत नाही. कापता येते ती मजुरी. जुलै 1877 मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने पुन्हा 10 टक्के पगारकपात जाहीर केली, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे कामगारांनी इंजिने गाड्यांपासून सोडवून शेडमध्ये नेली आणि कपात मागे घेईपर्यंत मालगाडी हलणार नाही असे सांगितले. संप शिकागो, सेंट लुईसपर्यंत पसरला, पिट्सबर्गमध्ये गोळीबारानंतर 100 हून अधिक इंजिने जाळली गेली, राष्ट्राध्यक्ष हेज यांनी लष्कर पाठवले, आणि देशभरात शंभराच्या आसपास माणसे मेली.

1893 च्या मंदीत देशातील सुमारे एक-चतुर्थांश लोहमार्ग दिवाळखोरीत गेला. या वेळी जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीने एकेक बुडीत कंपनी हाती घेऊन तिचे कर्ज पुन्हा बांधले: दरवर्षी द्यावेच लागणारे व्याज कमी करायचे, त्या बदल्यात रोखेधारकांना नफा झाला तरच लाभांश देणारे शेअर द्यायचे, आणि काही वर्षे मतदानाचा हक्क आपल्या विश्वस्तांकडे ठेवून शेजारच्या कंपन्यांशी भांडण होऊ द्यायचे नाही. आधी ओतलेल्या पैशाचे ओझे कसे पेलायचे, या साठ वर्षांच्या प्रश्नावर रेल्वेने काढलेला हा शेवटचा मोठा तोडगा होता, आणि त्याची किंमत म्हणून देशातील बरेचसे मार्ग मोजक्या बँकवाल्यांच्या देखरेखीखाली गेले.

1884 मध्ये चार्ल्स डाउ यांनी शेअर बाजाराचा कल एका आकड्यात दाखवण्यासाठी पहिली सरासरी काढली, तेव्हा त्यातील 11 कंपन्यांपैकी 9 रेल्वे होत्या. उरलेल्या दोनांत एक जहाज कंपनी आणि दुसरी वेस्टर्न युनियन ही तारायंत्राची कंपनी. 26 मे 1896 रोजी त्यांनी उद्योगांची वेगळी सरासरी छापायला सुरुवात केली. तीत 12 कंपन्या होत्या: साखर, तंबाखू, सरकीचे तेल, चामडे, रबर, शिसे, कोळसा व लोखंड, गॅस, वीज अशा धंद्यांतल्या. रेल्वे त्यात एकही नव्हती. पगारी व्यवस्थापक, देशभर विखुरलेले भागधारक, रोखे आणि न्यू यॉर्कचा बाजार ही सगळी सामग्री रेल्वेसाठी घडली होती, आणि आता साखर व तंबाखू तीच वापरत होते.